कंबरेपासून मोजलेला पाय

फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले असतील. माझा मित्र फुलसिंग, त्याचा मुलगा विनोद बोलत होता. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणून तो थांबला. अशा वेळी माणूस "अरे देवा" म्हणतो, "कधी?" विचारतो, निदान गप्प तरी राहतो. मी विचारलं, "कशानं?" तो म्हणाला, हार्ट अटॅक. मी म्हणालो, "नक्की?" आणि तेवढ्यानं पोट भरलं नाही म्हणून तिसऱ्यांदा विचारलं, "खुब्याचं काही नव्हतं ना?"  त्यानं फोन ठेवला.

यवतमाळातून लोहाऱ्याला जायला रिक्षाला वीस मिनिटं पुरतात. त्या वीस मिनिटांत मी मनातल्या मनात फुलसिंगचा खुबा बदलणाऱ्या हाडाच्या डॉक्टरवर तीन आरोपपत्रं लिहून काढली होती. घरी पोचल्यावर सर्वांत आधी विनोदकडून मृत्यूचा दाखला मागून घेतला आणि चष्मा लावून दोनदा वाचला. मग फुलसिंगजवळ गेलो. अंगावर चादर होती, पावलं उघडी होती. लोक पाया पडत होते. मीही वाकलो, पण माझी नजर कुठं होती हे मलाच माहीत... दोन्ही टाचा एका रेषेत आहेत का, हे मी पाहत होतो. उशाशी बसलेल्या जमुनावहिनींनी ते बरोबर ओळखलं. रडता रडता त्या थांबल्या आणि हलकेच म्हणाल्या, "भाऊजी, आता तरी मोजू नोका."

या गोष्टीला दीड महिना झाला. ते वाक्य अजून कानातून गेलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढली. आमच्या घरात आजोबा कारकून, वडील कारकून, त्यामुळे कागदावर नाही ते खरं नाही, हे बाळकडूच मिळालेलं. त्यात मोजणीची नोकरी. शेतकऱ्याचा धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, दर पेरणीला वीतभर सरकतो आणि सरकवणारा शपथेवर सांगतो की, बापजाद्यांपासून तो इथंच आहे. चौतीस वर्षं हेच ऐकलं की माणसाचा स्वभाव काय होणार? दूधवाला, गॅसवाला, जावई, कोणीही गोड बोललं की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते. कुठंतरी पाणी मुरतंय, हे माझं घरातलं लाडकं वाक्य. बायको म्हणायची, "तुम्हाला देव भेटला तरी आधी त्याचा दाखला मागाल." तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

फुलसिंग राठोडची नि माझी भेट अठ्ठावीस वर्षांपूर्वी अशाच एका मोजणीतून झाली. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ एका प्लॉटची हद्द काढताना माझी पॅन्ट काटेरी तारेत अडकून मांडीपर्यंत फाटली. समोरच त्याचं टेलरिंगचं दुकान होतं. मला टॉवेल गुंडाळून मशीनमागं उभं करून त्यानं पॅन्ट शिवायला घेतली आणि मान वर न करता विचारलं, "सायेब, कोनाच्या कंपाउंडात इतक्या जोरात घुसून राह्यले होते?" मी म्हणालो, "मोजणीला आलोय." तो म्हणाला, "मंग तुमची काई चुकी नाई. त्यानं तारच पुढं सरकवली असन." हा माणूस आपल्या जातकुळीचा आहे, असं मला त्याच क्षणी वाटलं. त्याची जातकुळी प्रत्यक्षात निराळी होती. त्याचे पूर्वज बैलांवर मीठ नि धान्य लादून मुलूखभर फिरणारे, आजोबा दारव्ह्याकडच्या तांड्यावर शेतीला बसले. सुई त्यानं आईकडून उचलली. आईला तो त्यांच्या बोलीत 'याडी' म्हणे. "माह्या याडीच्या हाताखाली टाका चुकला का हातावर सुई टोचे ते," असं सांगताना त्याला हसू यायचं. वसाहतीतल्या कामगारांचे गणवेश शिवून त्यानं घर उभं केलं.

शिंपी कापड खातो, ही आमच्या घरातली जुनी समजूत. म्हणून पहिलं कापड शिवायला टाकण्यापूर्वी मी ते घरी मोजलं, दुकानात त्याच्यासमोर मोजलं आणि कागदावर लिहून त्याची सही घेतली. त्यानं निमूटपणे सही केली. चार दिवसांनी पॅन्ट मिळाली, सोबत चिंध्यांचं एक गाठोडं. अंगठ्याएवढा तुकडासुद्धा त्यात होता. "मोजून घ्या, सायेब," तो म्हणाला, "कमी भरलं तं पोलिसात जा." त्यानंतर अठ्ठावीस वर्षं प्रत्येक पॅन्टीबरोबर ते गाठोडं आलंच. त्याची थट्टा करायची रीत ही अशी होती. 'सायेब'चा 'भाऊ' कधी झाला, आठवत नाही. रविवारी दुपारी त्याच्या कटाईच्या टेबलाशी बसून चहा प्यायचा आणि जगातल्या यच्चयावत माणसांवर संशय घ्यायचा, हा माझा शिरस्ता. तो ऐकायचा, कातर चालवत राहायचा.

त्याच्या डाव्या खुब्याचं दुखणं सुरू झालं त्याला आता नऊएक वर्षं झाली असतील. आधी जांघेत कळ यायची. मग मांडी घालून बसणं बंद झालं, मग चप्पल वाकून घालणं. तेल चोळून झालं, शेक झाला, एका हाडवैद्याची पट्टीही झाली. हळूहळू तो पाय आखडत गेला आणि आखूड दिसायला लागला. डाव्या अंगाला झोक देत तो चालायचा, कापड कापताना टेबलावर पोटानं रेलायचा. शेवटी वर्षभरापूर्वी टेबलाशी उभं राहणंच होईना, तेव्हा मला म्हणाला, "भाऊ, यवतमाळच्या डॉक्टरकडे तुमी सोबत चाला. तुमाले सारेच चोर दिसते, मंग एखांदा तरी सापडन."

डॉक्टर तरुण होता, चाळिशीही न गाठलेला. त्यानं एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवला. खुब्याचा गोळा झिजून सपाट झालेला, वाटीत जागाच उरली नव्हती. सांधा बदलावा लागेल म्हणाला. मी अर्धा तास उलटतपासणी घेतली. एक्स-रेवर नाव कोणाचं, डावा-उजवा कशावरून, नवा सांधा कुठल्या धातूचा, खोक्यावरचं लेबल आम्हाला दाखवणार का, सगळं. तो शांतपणे उत्तरं देत गेला. त्याच शांतपणाचा मला संशय आला. ऑपरेशनच्या सकाळी मी बॉलपेन घेऊन फुलसिंगच्या डाव्या मांडीवर 'हा पाय' असं लिहायला गेलो, तर तिथं डॉक्टरनं आधीच शाईनं बाण काढून ठेवला होता. मी तरीही खाली लिहिलं. फुलसिंग म्हणाला, "सही करा ना भाऊ खाली, अन् शिक्काही मारा."

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी त्याला वॉकर धरून उभं केलं. जांघेतली ती जुनी कळ गेली होती, त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. दोन पावलं टाकून तो थांबला आणि मला म्हणाला, "भाऊ, पाय लांबला वाटून राह्यला." झालं! मी डॉक्टरला गाठलं. तो म्हणाला, "तसं वाटतं. इतकी वर्षं पाय आखडलेला होता, त्यामुळे कंबर एका बाजूला कलली आहे. पाय आता मूळच्या लांबीवर आला आहे, कंबरेला ते अजून माहीत नाही. व्यायाम केला की चार-सहा महिन्यांत कंबर सरळ होईल. एकच करा, दुसऱ्या चपलेला उंची देऊ नका. दिली तर कंबर तशीच कललेली राहील." बोलणं इतकं स्वच्छ होतं. पण मी त्यातला एकच शब्द पकडला, 'वाटतं'. माझ्या नोकरीत ज्याला हद्द लपवायची असते तो नेहमी 'वाटतं' म्हणतो.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मी म्हणालो, "आपण मोजू." त्यानं गळ्यातली टेप काढली. आयुष्यभर लोकांचे पाय मोजलेला माणूस, त्याला काय शिकवायचं? तो भिंतीशी सरळ उभा राहिला, मी खाली बसलो. त्यानं टेपचं टोक कंबरेवर पट्टा येतो तिथं धरलं, मी ती जमिनीपर्यंत आणली. उजवा साडेएकोणचाळीस इंच. डावा सव्वाचाळीस. पाऊण इंचाचा फरक! मी ते वहीत तारखेसह लिहिलं. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. मित्राचा पाय बिघडलाय याचं दुःख व्हायला हवं होतं, पण चोर सापडल्याचा आनंद त्याहून मोठा होता. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं.

चौकातल्या चांभाराकडून मी त्याच्या उजव्या चपलेला पाऊण इंचाची टाच बसवून आणली. जमुनावहिनी दारात उभ्या राहिल्या. "डॉक्टरनं नाई म्हतलं होतं ना, भाऊजी?" मी म्हणालो, "वहिनी, डॉक्टर त्याची चूक झाकून राह्यलाय. नाही म्हणणारच." त्या फुलसिंगकडे पाहू लागल्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं, चप्पल पायात सरकवली आणि दोन पावलं टाकून म्हणाला, "बरं वाटते." मग व्यायामही मागे पडला. भिंतीला पाठ लावून दोन्ही टाचा टेकवायच्या आणि कंबर सरळ आणायची, असा रोजचा अर्धा तास होता तो. चपलेनंच पाय सारखे झाले म्हटल्यावर कोण करणार?

दोन महिन्यांत त्याची पाठ दुखायला लागली. टेबलाशी घटकाभर उभं राहिलं की हात कंबरेवर जायचा. खुबा नवा, सांध्यात कळ नाही, आणि तरी कातर विनोदच्या हातात गेली. याचाही दोष मी डॉक्टरच्याच नावावर मांडला. तीन पानांचा तक्रार अर्ज लिहिला, मापांसकट. फुलसिंग सही करीना. "राहू द्या ना, भाऊ. भला माणूस हाय तो." मला वाटलं, डॉक्टरनं याला परस्पर फोन करून गुंडाळलं की काय... म्हणजे अठ्ठावीस वर्षांच्या मित्रावरही मी संशय घेतला. तो त्याला समजला असणार. तो फक्त म्हणाला, "काहून इतका शक करता बाप्पा?"

सहाव्या महिन्याच्या तपासणीला मी अर्ज खिशात घालूनच गेलो. डॉक्टरची नजर आधी चपलेवर गेली. ती हातात घेऊन त्यानं उलटसुलट पाहिली, पण आवाज चढवला नाही. "फरक किती भरला?" त्यानं विचारलं. मी वही पुढं केली. त्यानं ती नीट वाचली आणि म्हणाला, "मोजलं कुठून?"

"कंबरेपासून."

त्यानं फुलसिंगला तपासणीच्या पलंगावर उताणं झोपवलं आणि टेप माझ्याच हातात दिली. माझा अंगठा धरून त्यानं ओटीपोटाच्या बाजूला, पुढं जे हाडाचं टोक लागतं त्यावर टेकवला. "हे हाड हलत नाही. इथून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंत मोजा." मी मोजलं. डावा ब्याऐंशी सेंटिमीटर. उजवा ब्याऐंशी. पुन्हा मोजलं. मग बाजू बदलून मोजलं. पाच वेळा मोजलं आणि पाचही वेळा ब्याऐंशी. 

मोजणी खात्यात पोरगेला होतो तेव्हा पहिल्या दिवशी साहेबांनी एकच गोष्ट शिकवली होती, मोजणी धुऱ्यापासून सुरू करायची नाही, हद्दीच्या दगडापासून करायची. धुरा सरकतो, दगड सरकत नाही. चौतीस वर्षं समोर येणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न असायचा, शून्य कुठं धरलं? जगातल्या सगळ्यांना विचारलेला तो प्रश्न मी फुलसिंगच्या टेपला विचारला नाही, कारण ती टेप माझ्या मनासारखं बोलत होती. शिंप्याचं शून्य कंबरेवरच असतं, पॅन्ट कंबरेवर लटकते म्हणून. कललेल्या कंबरेपासून आम्ही तीन रविवार पाय मोजत बसलो होतो. फुलसिंग पलंगावरून हसत म्हणाला, "म्हंजे पाय बराबर होता. मापच लंगडं होतं." डॉक्टरही हसला. मला हसू आलं नाही. डॉक्टर म्हणाला, वेळ गेलाय, पण अजून पूर्ण गेलेला नाही. टाच आजच काढा, व्यायाम सुरू करा, टेबलाशी उभे राहाल.

परत येताना रिक्षात फुलसिंग माझ्या शेजारी होता, चप्पल पायातच. वाटेत त्यानं विचारलं, "भाऊ, टाच काढून टाकू?"

एवढाच प्रश्न होता, आणि उत्तर एका अक्षराचं होतं. पण खिशात तीन पानांचा अर्ज टोचत होता, पाच वेळा आलेला ब्याऐंशीचा आकडा त्याहून जास्त टोचत होता. मी म्हणालो, "घाई नको. नागपूरच्या एखाद्या डॉक्टरला दाखवून बघू." तो "बरं" म्हणाला. नागपूरला आम्ही कधीच गेलो नाही. त्यानंतर नऊ आठवडे तो जगला आणि नऊ आठवडे त्याच चपलेत चालला. रोज ठरवत होतो, या रविवारी सांगू, फुलसिंग, मी चुकलो, काढ ती टाच. रविवारी जायचो, चहा प्यायचो, दुसरं काहीतरी बोलायचो... मग विनोदचा फोन आला. हृदयाचा नि खुब्याचा संबंध नाही, हे डॉक्टरनं सांगितलं, मीही आता मानतो. तो हृदयानं गेला. पण त्याला शेवटचे काही महिने सरळ चालता आलं असतं, टेबलाशी उभं राहता आलं असतं, ते झालं नाही ते माझ्यामुळे. दुसऱ्या कोणाचं नाव त्यात घालता येत नाही, मी पुष्कळ शोधून पाहिलं.

मागच्या आठवड्यात यवतमाळातच एका टेलरकडे पॅन्ट शिवायला टाकली. मापासाठी जुनी पॅन्ट दिली, फुलसिंगनं शिवलेली. टेलरनं ती टेबलावर पसरली, दोन्ही पाय एकावर एक ठेवले आणि म्हणाला, "काका, हे चुकलेलं हाय. डावा पाय अर्धा इंच आखूड कापला." माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? म्हणजे त्यानं कापड खाल्लंच शेवटी! घरी येऊन कपाट उघडलं. अकरा पॅन्टी निघाल्या. पलंगावर एकेक पसरून पाहिली. अकराच्या अकरा, डावा पाय अर्धा इंच आखूड. अकरा वेळा कोणी चुकत नाही. मी आरशासमोर उभा राहिलो, सदरा वर केला आणि सत्तरीत पहिल्यांदा स्वतःची कंबर नीट पाहिली. ती एका अंगाला कललेली आहे. कदाचित जन्मापासून.

मी तसाच लोहाऱ्याला गेलो. जमुनावहिनी अंगणात ज्वारी निवडत होत्या. मी पॅन्ट पुढं धरली. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "त्यायले पयल्याच मापात समजलं होतं," त्या म्हणाल्या. "मले म्हणे, सायबाले सांगू नोको. सांगतलं तं हा मानूस जनमभर टेप घेऊन आरशापुढे उभा राहीन. मी मापातच घेऊन टाकतो, त्यायच्या जिवाले घोर कायले?"

मी तिथंच त्यांच्या सुपासमोर बसलो. "वहिनी, मग त्याला तर माहीत होतं... की कंबर कललेली असली तर माप असंच येतं. मग ती टाच त्यानं का घातली? त्या डॉक्टरवर त्याचा विश्वास नव्हता का?"

त्यांनी सुपातले खडे बाजूला काढले. "डॉक्टरवर होता ना इस्वास. मी रोज म्हणो, काढा ते टाच. तं म्हणत, भाऊनं सोता चांभाराकडून बसवून आनली. काढली तं त्यायले वाटन, माह्यावर इस्वास नाई. ते म्हनतीन तवाच काढीन."

दुसऱ्या दिवशी टेलरकडे परत गेलो. कापड टेबलावर होतं, खडू त्याच्या हातात. म्हणाला, "काका, सरळ उभे राहा, नवं माप घेतो. जुन्याचा भरवसा नाई." गळ्यातली टेप काढून तो पुढंही आला. मी मागं सरकलो आणि म्हणालो, "मोजू नको. त्या पॅन्टीवरून काप."